ताठ बस, पण कुठे? : मुंबईतल्या अभ्यासाच्या बैठकीचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, आयुष्यभर कान्ट शिकवलात, आणि आता मानदुखीवर बोलणार?" मी म्हटलं, कान्ट शिकवूनच तर मान धरली. गमतीचा भाग सोडा. हा विषय मला घरातूनच मिळाला आहे.

माझी नात लालबागला राहते. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाचणं, टिपणं काढणं, लिहिणं, सगळं लॅपटॉपवर. गेल्या वर्षी तिची मान उजव्या बाजूने खांद्यापर्यंत धरायला लागली आणि पुढे करंगळीला मुंग्या येऊ लागल्या. मी भेटायला गेलो तर ही पलंगावर, पाठीशी उशी, गुडघे वर घेतलेले, त्यांच्यावर लॅपटॉप आणि हनुवटी छातीला टेकलेली. मी आपलं सवयीनं म्हणालो, "अगं, ताठ बस." ती अजिबात रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आजोबा, कुठे बसू?"

मी खोलीभर नजर फिरवली. पलंग, कपाट, फ्रिज, जावयाच्या कामाचं सामान, माझ्या मुलीचं शिलाई मशीन. उरलेल्या मोकळ्या फरशीवर रात्री दोन माणसं झोपतात. तिला बोट दाखवून सांगावी अशी जागा मला सापडली नाही.

तर आज आपण या 'कुठे'चा इतिहास पाहणार आहोत. तो बराचसा गिरगाव ते लालबाग या तीन-चार मैलांतच घडलेला आहे.

सुरुवात जरा मागून करू. आपल्याकडे लिहिण्याचं काम खुर्ची-टेबलावर कधी होत नव्हतं. पेशवाईतला कारकून डोळ्यांसमोर आणा. जाजमावर बसलेला, एक मांडी जमिनीवर टेकलेली, दुसरा गुडघा उभा, त्या गुडघ्यावर कागद, डाव्या हाताचा आधार आणि उजव्या हातात बोरू. मोडीचे रुमालच्या रुमाल या बैठकीत लिहिले गेले. माझी नात ज्या अवस्थेत बसली होती ती याच बैठकीची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. तिचाही गुडघा उभा आणि लिहायचं साधन गुडघ्यावरच. फरक आहे, पण त्याकडे नंतर येतो.

लेखनाच्या शारीरिक बाजूकडे आपल्या लोकांचं लक्षच नव्हतं, असं मात्र समजू नका. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. समर्थ तिथे अक्षर, शाई, कागद, समास, ओळींमधलं अंतर असं सगळं बारकाईनं सांगतात. त्यातच एक फार व्यवहारी सल्ला येतो. तरुणपणी फार बारीक अक्षर लिहिलं तर म्हातारपणी ते कामाला येत नाही, म्हणून मध्यम लिहावं. सतराव्या शतकातला एक संन्यासी डोळ्यांचं वय लक्षात घेऊन अक्षराचा आकार ठरवतोय! साधन माणसाच्या शरीराला जुळवून घ्यायचं, हाच पुढे एका शास्त्राचा पाया झाला.

त्याच सुमारास युरोपातही कुणी तरी या कारकुनांकडे पाहत होतं. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३च्या आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण घातलं. लेखनिकांच्या दुखण्यांची त्याने तीन कारणं दिली: सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. हे तिसरं कारण लक्षात ठेवा. मानेचं दुखणं फक्त मानेचं नसतं, हे त्याला तीनशे वर्षांपूर्वी कळलं होतं. देकार्तनं मन आणि शरीर यांची फाळणी केली त्याला तेव्हा शंभर वर्षंही झाली नव्हती. या वैद्याने ती फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

आता गिरगावात येऊ. माझा जन्म मुगभाटातल्या एका चाळीतला. दोन खणांची जागा आणि माणसं आठ. वडील एका पेढीवर हिशेबनीस होते. त्यांचं एक बैठं डेस्क होतं. आजच्या मुलांनी ते पाहिलेलं नसेल म्हणून सांगतो: वीतभर उंचीचे पाय, वर उतरतं झाकण, आत वह्या, टाक, दौत आणि वडिलांची तपकिरीची डबी. समोर मांडी घालून बसायचं. झाकण उतरतं असल्यामुळे वही डोळ्यांकडे कलायची, मान कमी वाकायची. पेढीवर तर मागे लोडही असायचा. मुनीम थकला की मागे रेलणार, पान लावणार, गिऱ्हाइकाशी बोलणार, परत पुढे वाकणार. टाक दर दोन-चार शब्दांनी दौतीत बुडवावा लागे. बसणं दिवसभराचं असलं तरी एकाच जागी गोठलेलं नव्हतं.

पुढे वाचताना मला एक योगायोग सापडला. मँडल नावाचे एक डॅनिश शल्यविशारद १९७०-८०च्या दशकांत जीव तोडून सांगत होते की, काटकोनात बसायची शिस्त पाठीला मानवत नाही, टेबलाचा पृष्ठभाग वाचणाऱ्याकडे उतरता हवा. हे वाचून मला वडिलांचं डेस्क आठवलं. ते त्यांच्या वडिलांकडून आलेलं होतं आणि आम्ही ते अडगळ म्हणून माळ्यावर टाकलं होतं.

मग मुंबईत खुर्ची-टेबल आलं कुठून? कचेऱ्यांतून आलं, आणि शिक्षणातून आलं. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. पुढे १८६९ ते १८७८ या काळात राजाबाई टॉवर आणि त्याचं ग्रंथालय उभं राहिलं. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले, आईचं नाव दिलं. नकाशे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे, आणि ते मुंबईला कधी आलेच नाहीत. इमारत देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्याबरोबर विद्यार्थ्यानं बसायचं कसं याचं एक चित्रही तयार होऊन आलं. पाय जमिनीवर, पाठ खुर्चीला, पुस्तक टेबलावर. घरी मात्र सतरंजी! म्हणजे आमच्या पिढीपर्यंत गिरगाव-दादरच्या मुलाचं आयुष्य दोन उंचींवर चालायचं. अभ्यास जमिनीवर आणि परीक्षा बाकावर. मला आठवतं, एस.एस.सी.च्या पहिल्या पेपरला पाय लोंबकळत ठेवून तीन तास लिहिताना पोटऱ्या इतक्या भरून आल्या की, शेवटच्या तासाला मी बाकावरच मांडी घातली. पर्यवेक्षकांनी पाहिलं आणि सोडून दिलं. तेही चाळीतलेच असणार.

बाकांचाही एक वाद आहे, तो पटकन सांगतो. स्वित्झर्लंडच्या फाहर्नर नावाच्या डॉक्टरने १८६५ साली शाळेच्या बाकांमुळे मुलांचे मणके वाकडे होतात असं मांडलं. १८६७ मध्ये ब्रेस्लाउच्या हेरमान कोन यांनी १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासून अहवाल दिला, की इयत्ता वाढते तसा जवळचंच दिसण्याचा दोष वाढतो. म्हणजे 'विद्यार्थ्यांची बैठक बिघडली' ही तक्रार लॅपटॉपच्या आधीची, निदान दीडशे वर्षांची आहे. प्रत्येक पिढीला ती नवी वाटते.

आता मुख्य गोष्ट, जागेचा हिशेब.

१८९६ साली प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने बांधलेल्या चाळींना आपण बीआयटी चाळी म्हणू लागलो. पुढे १९२०च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला मिळून २०७ इमारती बांधल्या, त्या बीडीडी चाळी. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. गणित सोपं आहे. चार फूट बाय दोन फुटांचं टेबल म्हणजे आठ चौरस फूट. खुर्ची ठेवायला आणि मागे सरकवायला आणखी आठ. झाले सोळा, खोलीचा दहावा हिस्सा. आता एका माणसाला झोपायला किती लागतं? सहा फूट बाय अडीच फूट, म्हणजे पंधरा. तेव्हा गिरणगावात टेबल मांडायचं म्हणजे एका झोपणाऱ्या माणसाला बाहेर काढायचं. खोलीत गिरणीच्या दोन-तीन पाळ्यांची माणसं आळीपाळीनं झोपत असतील तर कुणाला काढणार? टेबल नसणं ही सवय नव्हती आणि संस्कृतीही नव्हती. तो चौरस फुटांचा निकाल होता.

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण परळचंच आहे. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते, १९०७ साली मॅट्रिक झाले. त्या काळात कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होतं. चरित्रकारांनी नोंदवलंय की, उशाशी जातं, पायाशी शेळी आणि भोवती संसाराचं सामान अशी ती जागा. रामजी सुभेदारांनी काय केलं? मुलाला संध्याकाळी लवकर निजवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोन वाजता त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. जागा वाढवता येत नव्हती म्हणून बापाने वेळ वाटून घेतली. स्थळ आणि काळ यांवर मी तीस वर्षं वर्गात बोललो. पण त्यांचा एकमेकांशी असा सौदा होतो, हे मला या प्रसंगावरून कळलं.

पुढे बाबासाहेब पोयबावडीच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत वीसेक वर्षं राहिले आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधलं. ते घर प्रामुख्याने ग्रंथांसाठी होतं, हे सगळे जण कौतुकानं सांगतात. मी तिथे गेलो की मला मात्र ती रात्री दोनची वेळ आठवते. दोन वाजता उठवून बसवलेल्या मुलाला मोठेपणी काय हवं असेल? टेबल हवं असेल, आणि ते उचलायला कुणी लावणार नाही अशी खोली.

ज्यांना राजगृह बांधता आलं नाही ते बाहेर पडले. आमच्या गिरगावात मुलं गॅलरीत अभ्यास करायची, जिन्याच्या वळणावर करायची, चौपाटीच्या बाजूला जायची. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. त्याच्या वाचनकक्षांत पुस्तक वाचणारे थोडे आणि घरी जागा नाही म्हणून येऊन बसलेले पुष्कळ, असं मी स्वतः पाहिलंय. आणि वरळीला तर अख्खी गल्लीच आहे. पोदार रुग्णालयाजवळच्या त्या रस्त्याला लोक अभ्यास गल्ली म्हणतात. बीडीडीतली मुलं रात्री रस्त्याच्या दिव्याखाली येऊन वाचायची. तिथे अभ्यास करून डॉक्टर, वकील, अधिकारी झालेल्यांच्या गोष्टी त्या भागात घरोघर ऐकायला मिळतात. काही वर्षांपूर्वी महापालिकेने ती गल्ली सुशोभित करून घेतली, बाक-दिवे बसवले. चांगलं केलं. पण जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या शहराला आपल्या एका रस्त्याला 'अभ्यास' नाव द्यावं लागलं असेल, असं मला वाटत नाही. त्यात अभिमान आहे आणि थोडी लाजही आहे.

पण या सगळ्या हालअपेष्टांत एक गोष्ट होती, तेव्हा तिची किंमत कळली नाही. आम्ही हलत होतो. पाठांतर करायचं तर गॅलरीत फेऱ्या मारत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाचायचं तर पालथं पडून किंवा भिंतीला टेकून. लिहायचं तर ट्रंकेवर वही ठेवून. कुणी मोरीत निघालं की उठायचं, पाहुणा आला की उठायचं, जेवणाची पानं मांडायची की सगळं आवरून उठायचं. वैताग यायचा. आज डॉक्टर जे 'दर अर्ध्या तासाने उठा' म्हणून सांगतात, ते काम आमच्याकडून चाळ करून घेत होती.

लॅपटॉपने नेमकं हेच काढून घेतलं. वाचन, लेखन, तास ऐकणं, मित्राशी बोलणं, परीक्षा देणं, सिनेमा बघणं, हे सगळं एकाच वस्तूत आलं आणि म्हणून एकाच बैठकीत आलं. कारकुनाच्या गुडघ्यावरचा कागद आणि नातीच्या गुडघ्यावरचा लॅपटॉप यांतला फरक हा आहे. कागद उचलून डोळ्यांजवळ नेता येत होता, शाई संपत होती, आणि कागद म्हणजे अख्खं जग नव्हतं.

आता या यंत्राचा इतिहास पाहू, कारण त्यात एक विसरलेलं पान आहे.

१८५७ सालचा आणखी एक योगायोग. मुंबई विद्यापीठ निघालं त्याच वर्षी वोइचेख यास्त्रझेम्बोव्स्की नावाच्या एका पोलिश निसर्गशास्त्रज्ञाने एका साप्ताहिकात लेखमाला लिहिली आणि 'अर्गोनॉमिक्स' हा शब्द घडवला. ग्रीक 'अर्गोन' म्हणजे काम आणि 'नोमोस' म्हणजे नियम. कामाचं शास्त्र. लेख विस्मरणात गेले. १९४९ साली ब्रिटनमध्ये मरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच शब्द पुन्हा, स्वतंत्रपणे वापरात आणला. तोपर्यंत महायुद्ध होऊन गेलं होतं. विमानाच्या खुर्चीत माणूस नीट मावला नाही तर विमान पडतं, हे कळलं होतं.

मुंबईत हे शास्त्र पुस्तकातून नाही, टायपिंगच्या क्लासातून आलं. लालबागला १८९७ साली गोदरेजांचा कुलपांचा कारखाना निघाला. त्याच गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. पुढे दादर-गिरगावच्या प्रत्येक गल्लीत टायपिंग इन्स्टिट्यूट. माझी थोरली बहीण अशाच एका क्लासात जायची, इंग्रजी चाळीस आणि मराठी तीसची परीक्षा द्यायला. तिथले सर खुर्चीची उंची बघायचे, कोपर अंगाशी आहे का बघायचे, आणि मनगट खाली पडलं तर पट्टी मारायचे. मजकूर बाजूला उभा लावलेला असायचा, म्हणजे मान वर. ओळ संपली की दांडा ओढायचा, पान संपलं की नवा कागद चढवायचा. त्या सरांनी अर्गोनॉमिक्स हा शब्द ऐकलाही नसेल, पण मुलींच्या हातांना पुढे तीस वर्षं काम करायचंय हे त्यांना माहीत होतं. गोदरेजच्या टाइपरायटरचं उत्पादन २००९च्या सुमारास थांबलं. टायपिंगची परीक्षा आता संगणकावर होते. आणि आजच्या विद्यार्थ्याला कळफलकावर हात कसा ठेवायचा हे कुणीच शिकवत नाही. त्याला ते जन्मतः येतं, अशी आपली समजूत आहे.

संगणक आला तेव्हा आधी शहाणपण होतं. १९८१च्या आयबीएमच्या घरगुती संगणकाचा कळफलक वेगळा, गुंडाळीच्या वायरने जोडलेला होता. पडदा डोळ्यांसमोर, कळा हाताखाली. १९८२ साली ग्रिड कंपास नावाचा, बिल मॉग्रिज यांनी आकार दिलेला, शिंपल्यासारखा मिटणारा संगणक आला. आजच्या लॅपटॉपचा तो पूर्वज. नासाने तो अंतराळयानातही नेला. तिथे डोक्याला वजन नसतं, त्यामुळे मानेची तक्रार आली नसावी. जमिनीवर मात्र पेच पडला. पडदा आणि कळा एकमेकांना जखडलेल्या. पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणाल तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात, कळा कोपराच्या उंचीवर ठेवाल तर मान वाकते. दोन्ही एकदम साधत नाही. हा वापरणाऱ्याचा दोष नव्हे, घडणीतला दोष आहे.

आणि हे माहीत होतं! १९९० साली युरोपीय समुदायाने पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी एक निर्देश काढला. त्यात स्पष्ट म्हटलंय की, कळफलक कलता करता येणारा आणि पडद्यापासून वेगळा हवा. मग लॅपटॉपचं काय? त्यांना सवलत दिली, पण ती कामाच्या जागी दीर्घकाळ न वापरल्या जाणाऱ्या, सोबत नेण्याच्या यंत्रांपुरती. म्हणजे लॅपटॉप हे प्रवासातलं, तात्पुरतं साधन आहे अशी कायद्याची समजूत होती. वीस वर्षांत ते विद्यार्थ्याचं एकमेव साधन झालं आणि ती अट कुणाला आठवली नाही. आपल्याकडे तर ती कधी पोचलीच नाही.

वैद्यकाबद्दल थोडं बोलतो, पण जपून, कारण मी डॉक्टर नाही. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. ते पुढे झुकलं की मानेच्या स्नायूंना ते लोंबकळत धरून ठेवावं लागतं. २०१४ साली न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदांनी हिशेब मांडला की, साठ अंश वाकलेल्या मानेवर सत्तावीस किलोंचा भार पडतो. तो आकडा सगळ्या वर्तमानपत्रांनी छापला. लक्षात ठेवा, तो गणिती नमुन्यातून काढलेला होता, माणसांच्या मानेत मोजलेला नव्हता. मोजण्याचं काम स्वीडनच्या नाखेमसोन यांनी १९६०च्या दशकात केलं, कमरेच्या चकत्यांमध्ये सुई घालून. त्यांना बसण्यात उभं राहण्यापेक्षा दाब जास्त आढळला. १९९९ मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या मणक्यात संवेदक बसवून पुन्हा पाहिलं, तर सैल रेलून बसण्यात दाब उलट कमी भरला. म्हणजे 'ताठ बस' हा आपला पिढीजात मंत्रसुद्धा शास्त्राच्या कसोटीला पुरता उतरत नाही. पतंजलींनी आसनाची व्याख्या करताना स्थैर्याबरोबर सुखही घातलं होतं. आपण स्थिर तेवढं ठेवलं.

नातीला मी परळला एका फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेलो. परळचं या बाबतीतलं स्थान मोठं आहे. देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षणकेंद्र के.ई.एम.मध्ये १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने निघालं, ते पोलिओच्या मुलांसाठी. आमच्या भोवती मात्र त्या सकाळी विशी-बाविशीची मुलं बसली होती आणि प्रत्येकाची मान मोबाइलवर झुकलेली. त्या बाईंनी नातीला विचारलं, कोपर कुठे टेकवतेस? पलंगाच्या लोखंडी कडेवर. त्या म्हणाल्या, करंगळीची नस कोपराच्या आतून जाते, कोपर दुमडून कडक कडेवर टेकवलं की ती दबते. मग व्यायाम दिले आणि लॅपटॉप उंचावर ठेवून वेगळा कळफलक वापरायला सांगितलं. शेवटी विचारलं, "प्रबंध कधी द्यायचाय?" ती म्हणाली, "महिन्यात." बाई म्हणाल्या, "मग थोडं तेही दुखतंय." मला रामाझ्झिनी आठवला.

आता एक तक्रार करतो. २०२०च्या मार्चमध्ये महाविद्यालयं बंद झाली आणि ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन घेतल्या. इलाज नव्हता, मान्य. पण त्या दिवशी विद्यापीठाचा बाक कायमचा विद्यार्थ्याच्या घरात गेला आणि बाकाची जबाबदारीही त्याच्या गळ्यात पडली. नंतर वर्ग उघडले, पण काम घरातच राहिलं. प्रत्येक असाइनमेंट ऑनलाइन, प्रत्येक टिपण पीडीएफ. एका महाविद्यालयाच्या सल्लागार समितीवर मी होतो. तिथे विद्यार्थ्यांच्या पाठदुखीवर योगशिबिर घ्यायचा ठराव आला. मी सुचवलं, ग्रंथालय संध्याकाळी पाचला बंद होतं ते नऊपर्यंत उघडं ठेवा, आणि तीस वेगळे कळफलक घेऊन ठेवा. शिबिर झालं, फोटो छापून आले. ग्रंथालय पाचलाच बंद होतं. योगासनांना माझा विरोध नाही, मी स्वतः रोज करतो. पण जागेचा प्रश्न मुलाच्या मणक्यावर ढकलायची ही युक्ती मला पसंत नाही.

वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या कुटुंबांना २०२५च्या ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशेसाठचे पाचशे झाले. तिथे एखादं टेबल मांडलं गेलंय का, हे जाऊन पाहायची माझी इच्छा आहे. टेबल आलं तरी मापाचा प्रश्न उरतोच. भारतीय शरीरांची मापं घेऊन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या देबकुमार चक्रवर्तींनी १९९७ साली पुस्तक केलंय. बाजारातल्या खुर्चीवर पाच फुटांची मुलगी बसवा आणि तिचे पाय जमिनीला टेकतात का बघा.

नातीचं काय झालं, ते सांगतो आणि थांबतो. माळ्यावरचं वडिलांचं डेस्क काढून मी लालबागला नेलं. शिलाई मशीनच्या फळीवर मागच्या बाजूला ते ठेवलं, उतारावरून घसरू नये म्हणून कडेला पट्टी ठोकली, त्यावर लॅपटॉप चढवला. पडदा बरोबर डोळ्यांसमोर आला. पुढच्या फळीवर वेगळा कळफलक, पाचशे रुपयांना मिळाला. पायाखाली मशीनचं पायडल, ते ती लिहिता लिहिता नकळत हलवत असते. मान बरीच सुटली आहे, करंगळीच्या मुंग्या अजून अधूनमधून येतात. मशीन मात्र सकाळी दहा ते संध्याकाळी सहा माझ्या मुलीला लागतं, ब्लाउज शिवायची कामं असतात. आणि रात्री अकरानंतर जावयांना दिवा डोळ्यांवर येतो. तेव्हा सहा ते अकरा मशीनवर आणि दुपारी जवळच्या अभ्यासिकेत, असं ठरलंय. अभ्यासिकेत टेबलं चांगली आहेत, पण प्लग चारच आहेत आणि मुलं चाळीस.

चला, वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ. मागे बसलेल्यांनी जरा उभं राहून विचारलं तरी चालेल, तासभर बसलाच आहात.